मुतखड्याची कळ आणि तिच्यावरील औषधें



वेदनांची प्रतवारी लावणें हें काम कठीण आहे, कारण ज्याचें दुखतें तोच जाणे. तथापि ज्या थोड्या वेदनांविषयीं सर्व देशांतील व सर्व काळांतील लोकांचें एकमत आहे, त्यांत मुतखड्याच्या कळेचा मान फार वरचा आहे. ती पाठीच्या एका अंगाला, बरगडीखालीं सुरू होते, कुशीवरून जांघेकडे उतरते, लाटेसारखी चढते, ओसरते आणि पुन्हां चढते. पोटाच्या आवरणाला सूज आली म्हणजे रोगी हूं कीं चूं न करतां निपचित पडून राहतो. मुतखड्याचा रोगी मात्र एका जागीं ठरत नाहीं. तो उठतो, बसतो, येरझारा घालतो, गडबडां लोळतो, ओकतो आणि घामानें भिजून जातो. अनुभवी डॉक्टर या येरझाऱ्या पाहूनच अर्धें निदान करून मोकळे होतात.

मी वैद्य नव्हे कीं डॉक्टर नव्हे. मुलांना इतिहास शिकविण्यांत माझीं वर्षें गेलीं. तेव्हां कोणीं कोणतें औषध घ्यावें हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं व तसा माझा हेतूहि नाहीं. परंतु या कळेवरील औषधांची कथा हा इतिहासाचा विषय आहे. सर्वांत मोठ्या दुखण्याला सर्वांत जालीम औषध हवें, ही समजूत जवळजवळ तीनशें वर्षें विद्वानांच्या मनांत घर करून बसली होती. ती कशी बसली आणि कशी हलली, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आरंभीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. जुन्या ग्रंथांत ज्या खड्याची शस्त्रक्रिया वर्णिलेली आहे तो बहुधा मूत्राशयांतला खडा होय. आपण ज्या कळेविषयीं बोलत आहों ती मूत्रपिंडांतून सुटून मूत्रवाहिनींत अडकलेल्या खड्याची. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी ही नळी सुमारें २५ सेंटिमीटर लांब असते आणि तिचें पोकळ अंग अवघें ३–४ मिलिमीटर रुंद. तुरीच्या डाळीएवढा खडा तींत अडकला तरी धट्टाकट्टा मनुष्य जमिनीवर लोळूं लागतो.

आपल्या सुश्रुतानें अश्मरीचे चार प्रकार सांगितले आहेत आणि मूत्राशयांतील खडा चिरून काढण्याचा विधि तपशीलानें दिला आहे. त्यांतील एक गोष्ट मला नेहमीं विचार करावयास लावते. क्रिया न केली तर मृत्यु निश्चित, केली तर संशय. म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्यानें शस्त्र हातीं घ्यावें, असें तो सांगतो. वेदना सोसण्यासाठीं काय द्यावें? तर शस्त्रकर्मापूर्वीं रोग्याला तीक्ष्ण मद्य पाजावें. सुश्रुताजवळ अफू नव्हती. ती आपल्याकडे पुढें अरबांच्या संगतीनें आली आणि शार्ङ्गधराच्या ग्रंथांत 'अहिफेन' या नांवानें वैद्यकांत स्थिरावली. तोंपर्यंत, आणि पुष्कळ घरीं त्यानंतरहि, गोखरू, पाषाणभेद, वायवर्ण्याची साल आणि कुळथाचें कढण हाच उपचार होता. कुळथाचें कढण तर अद्यापहि चालू आहे. त्यानें पोटांत चार घोट ऊन पाणी जातें, हें चांगलेंच. पण ऐन कळेच्या वेळीं त्यानें ती शमते असें कोणी सांगूं लागल्यास त्यावर विश्वास ठेवूं नये.

युरोपांतहि याहून निराळी स्थिति नव्हती. फ्रान्सचा निबंधकार मॉन्टेन हा या व्याधीनें इतका गांजला होता कीं, १५८० सालीं तो स्वित्झर्लंड, जर्मनी व इटली या देशांतील ऊन पाण्याच्या झऱ्यांचा प्रवास करण्यास निघाला. वैद्यांवर त्याचा कवडीचा विश्वास नव्हता. इंग्लंडचा रोजनिशीकार सॅम्युएल पीप्स याच्या मूत्राशयांतून २६ मार्च १६५८ रोजीं शस्त्रवैद्य हॉलियर यानें चेंडूएवढा खडा काढला. भूल देण्याची विद्या त्यावेळीं नव्हती. ईथरची भूल १८४६ सालची. पीप्स वांचला आणि तो दिवस तो पुढें मेजवानी देऊन साजरा करीत असे. परंतु १७०३ सालीं तो वारल्यावर शरीर उघडून पाहिलें, तेव्हां डाव्या मूत्रपिंडांत सात खड्यांचें घरटें सांपडलें. मूत्राशयापर्यंत त्या काळचें शस्त्र पोंचत होतें, पण मूत्रपिंडापर्यंत नाहीं. तेथें औषधावांचून गति नव्हती, आणि औषध म्हणजे अफू.

त्या पीप्सचाच समकालीन टॉमस सिडनहॅम (१६२४–१६८९) हा इंग्लंडांतला नामांकित वैद्य. त्यानें अफू मद्यांत भिजवून, केशर, दालचिनी व लवंग घालून जो अर्क सिद्ध केला तो 'लॉडॅनम' या नांवानें घरोघर गेला. सिडनहॅम स्वतः संधिवाताचा आणि मुतखड्याचा रोगी होता. आपण जें दुसऱ्यास देतों तें स्वतःस लागू पडतें कीं नाहीं हें पाहण्याची संधि फार थोड्या वैद्यांना मिळते; याला ती मनसोक्त मिळाली.

अफूचा गुण वादातीत होता, पण तिचें प्रमाण कोणास ठाऊक? एका शेतांतील अफू कडक, दुसऱ्या शेतांतील फिकी. आज दहा थेंबांनीं निजलेला रोगी उद्यां तेवढ्याच थेंबांनीं कायमचा निजे. हा घोळ सोडविला तो जर्मनींतील पाडरबोर्न गांवीं औषधाच्या दुकानांत उमेदवारी करणाऱ्या झेर्ट्युर्नर नांवाच्या तरुणानें. १८०४–०५ च्या सुमारास त्यानें अफूंतून तिचें सत्त्व वेगळें काढलें. पंडितांनीं त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. तेव्हां त्यानें पुढें स्वतः व आणखी तीन तरुण यांवर अर्ध्या अर्ध्या ग्रेनचे तीन डोस घेऊन प्रयोग केला, चौघांनाहि विषबाधा झाली, आणि ती हकीकत १८१७ सालीं छापली. ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्या सत्त्वाला मॉर्फीन हें नांव पडलें. १८२७ पासून डार्मस्टाट येथील मेर्क यांच्या कारखान्यानें तें विकावयास काढलें. आतां तराजूनें तोलून देतां येईल असें वेदनाशामक वैद्यांच्या हातीं आलें.

पण ओकणाऱ्या रोग्याला तोंडानें दिलेलें औषध पोटांत टिकावें कसें? हा प्रश्न १८५३ सालीं एडिंबरोच्या अलेक्झांडर वुड यानें पिचकारी व पोकळ सुई यांच्या योगें सोडविला. गंमत अशी कीं, सुई जेथें टोंचावी तेथेंच औषध गुण करतें अशी वुडची समजूत होती. म्हणून तो दुखऱ्या जागींच टोंची. लंडनचा चार्ल्स हंटर यानें दाखवून दिलें कीं सुई कोठेंहि टोंचा, औषध रक्तांतून सर्व शरीरभर जातें. वुडला तें रुचलें नाहीं आणि दोघांचा वाद बरीच वर्षें रंगला. या वादांत हंटर जिंकला हें योग्यच झालें. तथापि दुखणें जेथें उत्पन्न होतें तेथेंच त्याचा बंदोबस्त करावा, ही वुडची मूळ इच्छा फार शहाणपणाची होती. ती या कळेच्या बाबतींत पूर्ण होण्यास सव्वाशें वर्षें लागलीं.

मॉर्फीन वेदना नाहींशी करीत नाहीं. वेदनेची वर्दी घेऊन येणाऱ्याला तें मेंदूच्या दारांत थोपवितें. खडा जागच्या जागीं, नळी तुंबलेलीच. रोगी मात्र शांत. शिवाय तें ओकारी वाढवितें, श्वास मंद करितें आणि वारंवार घेतल्यास जडतें. हे दोष ठाऊक असूनहि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुतखड्याची कळ म्हणजे मॉर्फीनची सुई, हें समीकरण पक्कें झालें.

याच सुमारास दुसरा एक पंथ निघाला. ही कळ नळीला आलेल्या पेटक्यानें होते, तेव्हां पेटका सोडविला कीं काम झालें, असें या पंथाचें म्हणणें. बेलाडोनाच्या झाडांतून १८३० नंतर अट्रोपीन हें सत्त्व निघालें होतें; आपला धोत्रा त्याच कुळांतला. तें मॉर्फीनबरोबर देण्याची चाल पडली. विचार दिसावयास सयुक्तिक होता. पोटांत मुरडा येतो तेव्हां आंतडें आवळतें, तसेंच येथेंहि होत असावें. परंतु 'असावें' आणि 'आहे' यांमधील अंतर कोणीं मोजलें नव्हतें.

या पेटक्याच्या कल्पनेंतूनच एक नवें औषध जन्मास आलें आणि तेंहि चुकून. १९३८–३९ च्या सुमारास जर्मनींतील होख्स्ट येथें ओटो आइस्लेब हा रसायनज्ञ अट्रोपीनसारखें पेटकानाशक द्रव्य शोधीत होता. त्यानें केलेलें एक द्रव्य ओटो शाउमान यानें जनावरांस टोंचून पाहिलें, तों त्यांच्या शेपट्या ताठ उभ्या राहिल्या. मॉर्फीन टोंचलें म्हणजे असेंच होतें, हें शाउमानला ठाऊक होतें. पेटक्याचें औषध शोधतां शोधतां मॉर्फीनचा भाऊबंद हातीं लागला, तेंच पेथिडीन. पेटकाहि सोडवितें आणि वेदनाहि मारतें अशा दुहेरी कीर्तीमुळें मुतखड्यावर पेथिडीनच उत्तम असें पुढें पन्नास वर्षें दवाखान्यांतून मानलें गेलें. प्रत्यक्ष तुलना झाल्या तेव्हां मॉर्फीनहून तें अधिक गुणकारी ठरलें नाहीं. ओकारी मात्र त्यानें भरपूर होते असें दिसून आलें. ज्या कीर्तीचा उगम औषधाच्या जन्मकथेंत असतो ती फार चिवट असते.

आपल्याकडे अनेक वर्षें या कळेवर 'बॅरलगन' हें नांव सर्वतोमुखीं होतें. त्यांत वेदनाशामक व पेटकानाशक अशीं द्रव्यें एकत्र असत, म्हणजे दोन्ही पंथ एकाच कुपींत. त्यांतील वेदनाशामक मेटामिझोल हें १९२२ पासूनचें जर्मन औषध. क्वचित् प्रसंगीं तें रक्तांतील पांढऱ्या पेशी नष्ट करतें म्हणून अमेरिकेनें १९७७ सालीं त्याची परवानगी काढून घेतली. इतर कित्येक देशांत तें चालूच राहिलें.

आतां कथेचें वळण. अॅस्पिरीन १८९९ पासून बाजारांत होतें. डोकें दुखलें, अंग कसकसलें, तर घ्यावयाची साधी गोळी. मुतखड्याच्या रोग्याला ती देणें म्हणजे वणव्यावर तांब्याभर पाणी ओतणें असें कोणासहि वाटलें असतें. ही गोळी गुण कां करते हें मात्र सत्तर वर्षें कोणास ठाऊक नव्हतें. १९७१ सालीं लंडनमध्यें जॉन व्हेन यानें तें उकललें. शरीराच्या पेशींत प्रोस्टाग्लॅंडिन नांवाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांच्यामुळें सूज व वेदना वाढतात. अॅस्पिरीन व तिच्या जातीचीं औषधें त्यांची उत्पत्तीच बंद पाडतात. या शोधाबद्दल व्हेनला १९८२ सालीं बेर्गस्ट्रोम व साम्युएलसन यांजबरोबर नोबेल पारितोषिक मिळालें.

या ज्ञानाच्या उजेडांत मुतखड्याकडे पाहिलें तेव्हां निराळेंच चित्र दिसूं लागलें. मोरी तुंबलेली आहे आणि वर नळ चालू आहे अशी कल्पना करा. खड्यानें नळी अडली कीं वरच्या भागांत लघवी सांचून दाब वाढतो, मूत्रपिंडाचें आवरण ताणलें जातें. हा ताण हेंच त्या भयंकर कळेचें मूळ. आणि या वेळीं मूत्रपिंड काय करतें? तें प्रोस्टाग्लॅंडिन सोडतें. त्यांनीं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येतें, लघवी अधिक होते आणि दाब आणखी चढतो! मोरी तुंबलेली पाहून घरच्यांनींच नळ मोठा सोडावा तसा हा प्रकार. मॉर्फीन देणें म्हणजे ओरडणाऱ्याचें तोंड दाबणें. प्रोस्टाग्लॅंडिन थांबविणें म्हणजे नळ बारीक करणें. वुडनें इच्छिलें होतें तें येथें साधलें. औषध टोंचावयाचें दंडांत किंवा कुल्ल्यांत, पण काम करावयाचें दुखण्याच्या मुळाशीं.

स्वीडनच्या शस्त्रवैद्यांनीं हें प्रथम ताडून पाहिलें. १९७८ सालीं तेथून इंडोमेथॅसिन शिरेंतून दिल्याचा वृत्तांत आला आणि १९८२ सालीं डायक्लोफेनॅक व अफूवर्गीय औषध यांची तुलना 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाली. त्यानंतर ठिकठिकाणीं अशा लहान लहान तुलना झाल्या. २००४ सालीं ऑस्ट्रेलियांतील दोघां संशोधकांनीं अशा वीस प्रयोगांचे, एकंदर १,६१३ रोग्यांचे आंकडे एकत्र करून मांडले. दोन्ही वर्गांचीं औषधें वेदना कमी करतात. परंतु डायक्लोफेनॅकच्या जातीचीं औषधें मिळालेल्यांना वेदना थोडी अधिक कमी झाली, दुसरें औषध मागण्याची पाळी कमी आली आणि ओकारीहि कमी झाली, असा निष्कर्ष निघाला.

तरीहि शंकेखोरांना म्हणावयास जागा होती कीं, प्रयोग लहान आणि रीति निरनिराळ्या. ती जागा बव्हंशीं बुजविली ती कतारच्या दोहा शहरानें. उष्ण प्रदेशांत घामावाटें पाणी जाऊन लघवी घट्ट होते आणि खडे अधिक होतात. त्यांतून कतारमध्यें उन्हांत राबणारे आपल्या देशाचे व शेजारच्या देशांचे मजूर फार मोठ्या संख्येनें आहेत. तेथील हमद रुग्णालयांत २०१४–१५ सालीं कळ घेऊन आलेल्या १,६४५ रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट केले. एकाला डायक्लोफेनॅक ७५ मिलिग्रॅम स्नायूंत, दुसऱ्याला पॅरॅसिटॅमॉल एक ग्रॅम शिरेंतून, तिसऱ्याला वजनाच्या मानानें मॉर्फीन शिरेंतून. कोणाला काय मिळालें हें रोग्याला कळूं नये आणि देणाऱ्यालाहि कळूं नये म्हणून प्रत्येकाला दोन्ही जागीं औषध किंवा नुसतें पाणी दिलें. अर्ध्या तासानें विचारलें, दुखणें निम्म्यानें तरी उतरलें काय? डायक्लोफेनॅकच्या गटांत शेंकडा ६८ जणांचें उतरलें होतें, पॅरॅसिटॅमॉलच्या गटांत ६६, आणि मॉर्फीनच्या गटांत ६१. औषधापासून त्रास झालेले मॉर्फीनच्या गटांत शेंकडा तीन, उरलेल्या दोहोंत शेंकडा एक. ही हकीकत २०१६ सालीं 'लॅन्सेट'मध्येंच आली.

हे आंकडे नीट ऐकावे. ६८ आणि ६१ यांत आकाशपाताळाचें अंतर नाहीं. मॉर्फीन कुचकामी ठरलें असें कोणीं म्हणूं नये. डायक्लोफेनॅक त्याच्या पुढें गेलें तें थोडक्यानें, पॅरॅसिटॅमॉल त्याच्या बरोबरीनें उभें राहिलें, आणि हेंच आश्चर्य आहे. डोकेदुखीला घ्यावयाचें औषध मॉर्फीनच्या पंक्तीला बसलें!

आपल्या प्रांताला या गोष्टीचें महत्त्व आणखी एका कारणानें आहे. एकोणिसाव्या शतकांत माळव्याची अफू मुंबईच्या बंदरांतून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर मुंबईंत मोठमोठ्या पेढ्या उभ्या राहिल्या. मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश या राज्यांत सरकारी परवान्यानें अफूची लागवड आजहि होते. असें असून १९८५ च्या अंमली द्रव्यांच्या कायद्यानंतर दवाखान्यांना मॉर्फीन बाळगणें इतकें जिकिरीचें झालें कीं, कर्करोगानें तळमळणाऱ्या रोग्यालाहि तें मिळेना. २०१४ सालीं कायदा सैल केला, पण परवाना, नोंदवह्या व भीति हीं एका दिवसांत जात नाहींत. तालुक्याच्या गांवीं मध्यरात्रीं कळ घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पूर्वींच्या समजुतीप्रमाणें मॉर्फीनच हवें असतें, तर तो सकाळपर्यंत लोळतच राहिला असता. डायक्लोफेनॅकला असला परवाना लागत नाहीं, आणि तें स्वस्त आहे.

मात्र स्वस्त व सुलभ म्हणून तें निरुपद्रवी समजणें बरोबर होणार नाहीं. याचा दाखला पक्ष्यांनीं दिला आहे. हेंच औषध गुरांना देऊं लागले. त्या गुरांचीं प्रेतें गिधाडांनीं खाल्लीं. आणि गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं लाखांनीं मेलीं. २००४ सालीं हें कारण उघडकीस आलें व २००६ सालीं गुरांसाठीं या औषधावर आपल्या सरकारनें बंदी घातली. मुंबईच्या पारशी समाजाला आपल्या दोखम्यांवर गिधाडें येईनाशीं झाल्याचें दुःख कसें भोगावें लागलें, हें सर्वांस माहीत आहे. माणसाचें मूत्रपिंड गिधाडाइतकें नाजुक नाहीं. परंतु जो नळ बारीक केल्यानें कळ थांबते, तोच नळ आधींच अशक्त झालेल्या मूत्रपिंडाचा आधार असतो. म्हणून ज्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आहेत, ज्यांना हृदयविकार आहे किंवा पोटांत व्रण आहे, तसेंच ज्या स्त्रिया गरोदर आहेत, त्यांना डॉक्टर हें औषध देण्याचें टाळतात. अशा वेळीं शिरेंतून दिलेलें पॅरॅसिटॅमॉल उपयोगीं पडतें. आणि कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी मुळींच बंद झाली, तर प्रश्न वेदनेचा राहत नाहीं. तेव्हां घरांत औषधांची तुलना करीत न बसतां रोग्याला मोठ्या रुग्णालयांत तांतडीनें नेलें पाहिजे.

घरोघर आणखी एक समजूत आहे कीं, कळ आली म्हणजे घागरभर पाणी पाजावें, त्यानें खडा धुवून निघतो. पुन्हां खडा होऊं नये म्हणून रोज भरपूर पाणी पिण्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. पण ऐन कळेंत बळेंच पाजलेल्या पाण्यानें खडा लौकर पडतो असें आढळून आलेलें नाहीं; तुंबलेल्या मोरीचा दृष्टांत ज्यांच्या ध्यानांत आहे त्यांना याचें नवल वाटणार नाहीं.

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसंस्थेनें जानेवारी २०१९ मध्यें डॉक्टरांसाठीं जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत या कळेवर प्रथम डायक्लोफेनॅकच्या वर्गांतील औषध द्यावें, तें चालण्यासारखें नसेल किंवा पुरेसें पडलें नाहीं तर पॅरॅसिटॅमॉल शिरेंतून द्यावें, आणि या दोहोंनीं काम भागलें नाहीं तरच मॉर्फीनच्या वर्गाचा विचार करावा, असा क्रम लावून दिला आहे. पेटकानाशक औषधें देऊं नयेत, असें तेथें एका ओळींत सांगितलें आहे. दोह्याच्या त्या पहिल्या गटांतहि शेंकडा ३२ जणांचें दुखणें अर्ध्या तासांत निम्म्यावर आलें नव्हतें. मॉर्फीनची कुपी दवाखान्याच्या कपाटांत ठेवावी लागते ती अशांसाठीं.